न कापलेल्या भोपळ्याची पोच

व्याह्यांच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, यात आळसाचा भाग नव्हता. आळशी माणूस उत्तर टाळतो आणि विसरूनही जातो. ग्रंथपालांनी टाळलं खरं, पण विसरायची सोय त्यांना नव्हती. कारण पत्राबरोबर एक लाकडी खोकं आलं होतं, आणि खोक्यात बारा भोपळे होते.

भोपळे म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून. दोन्ही तळहातांत मावेल एवढा एकेक नग. रंग काळपट हिरवा, अंगावर उभ्या खोल खाचा, खाली टोक, वर बोटभर वाळकं देठ, आणि प्रत्येकाच्या एका कुशीवर केशरी डाग. पत्रात व्याह्यांनी लिहिलं होतं: ‘सप्रेम नमस्कार. बागेत यंदा प्रथमच एकॉर्न स्क्वॉश लावला. बारा नग पाठवीत आहे. कसा लागला ते स्पष्ट कळवावे.’

ग्रंथपालांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी इमारत त्यांना ग्रंथपालच म्हणे. उभा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात गेल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कुठलंही वाक्य त्यांच्या हाती सुखाने नांदत नसे.

“‘कळवावे’ पुरेसं होतं,” ते चष्मा पुसत म्हणाले. “‘स्पष्ट’ कशाला?”

“तुम्ही कधी स्पष्ट बोलत नाही, म्हणून,” बायको म्हणाली.

“असं त्यांना कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? मुलाच्या लग्नाच्या बोलण्यांत त्यांनी तुम्हाला तारीख विचारली, तर तुम्ही म्हणालात, ‘तशी कुठलीही चालेल, पण तसं पाहिलं तर…’ आणि मग पाणी प्यायलात.”

बायकोने एक भोपळा उचलला, केशरी डागावर नख मारलं, कानाशी नेऊन वाजवला. “मला यात काहीतरी दिसतंय. लग्नाच्या जेवणात मीठ कमी आहे असं मी म्हटलं होतं, ते पोचलंय त्यांच्या कानावर. आता म्हणतायत, करा बघू तुम्ही, आणि सांगा कसं लागलं.”

“ते तसे वाटत नाहीत गं.”

“वाटत नाहीत तेच तर!”

खरं म्हणजे ग्रंथपालांच्या मनातही तेच होतं. व्याही उंचेपुरे, मोजकं बोलणारे, हातांना माती लागलेला माणूस. त्यांच्यासमोर बसलं की ग्रंथपालांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. असा माणूस आपली परीक्षा घेणार, हे ओघानेच आलं.

साधी पोच लिहून टाकता आली असती. पण नुसतं ‘मिळाले’ लिहिलं तर ‘आवडले नाहीत’ असा अर्थ निघतो, असं बायकोचं म्हणणं. आणि ‘फार छान लागले’ असं न खाता लिहिणं ग्रंथपालांच्या हातून होणारं नव्हतं. न वाचलेल्या पुस्तकाला त्यांनी जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं. वाचलेल्यालाही क्वचितच. म्हणजे आधी खायचं, मग लिहायचं. एका दुपारचं काम.

त्या दुपारी बायकोने भोपळा पाटावर ठेवला आणि सुरी लावली. सुरी खाचेतून घसरली, भोपळा पाटावरून घसरला, आणि गडगडत थेट कपाटाखाली गेला. ग्रंथपालांनी छत्रीच्या दांड्याने तो बाहेर काढला. आता त्यांनी सुरी धरली आणि बायकोने वरून लाटण्याने ठोके घातले. सुरीचं टोक वाकलं. भोपळ्यावर एक पांढरी रेघ उमटली, तीही पुसली की जात होती. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात, पण त्या म्हणीत विळा जिंकतो असं गृहीत धरलेलं आहे. म्हण करणाऱ्याने हा भोपळा पाहिला नसणार.

पाचव्या-सहाव्या ठोक्याला दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहत. ते स्वभावाने वाईट नव्हते, पण पद मिळाल्यापासून त्यांना प्रत्येक बंद दारामागे नियमभंग ऐकू येई.

“ग्रंथपालसाहेब, कारखाना काढलात की काय? जागा राहण्यासाठी दिलेली आहे.”

“छे छे, भाजी चिरतोय.”

“भाजी?” सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. लाटणं, छत्री आणि वाकलेली सुरी पाहून त्यांचा संशय वाढला. भोपळा हातात घेऊन त्यांनी तो बराच वेळ फिरवला. “वहिनी, हे खायचं नसतंच. हे शोभेचं असतं. टेबलावर मांडून ठेवतात. माझ्या साडूकडे आहेत.”

ते गेल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बघा! शोभेची वस्तू पाठवायची आणि विचारायचं, कशी लागली! म्हणजे उद्या सगळ्या नात्यात हसू.”

“सेक्रेटरींना तरी काय ठाऊक?”

“त्यांना नसेल ठाऊक. पण तुम्हाला तरी कुठे आहे?”

ग्रंथपालांनी विश्वकोश काढला. त्यात एवढंच सापडलं की या कुळातलं एखादं फळ कडू निघालं तर ते खाऊ नये, अपाय होतो. कडू आहे की नाही हे खाल्ल्याशिवाय कसं कळणार, ते दिलेलं नव्हतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवीत एक भोपळा घालून सरकारी शेती सल्ला केंद्रात गेले. तिथे दोन खिडक्या होत्या, एक फळांची आणि एक भाज्यांची. ते फळांच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी भोपळा खिडकीत ठेवला.

“ही भाजी आहे,” कारकून म्हणाला.

“वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळ आहे. अर्थात स्वयंपाकघराप्रमाणे पाहिलं तर…”

“इथे स्वयंपाकघराची खिडकी नाही. पलीकडे जा.”

पलीकडच्या खिडकीवर दुसरं कुणी नव्हतं. तोच कारकून खुर्ची सरकवून तिकडे आला. “बोला. कीड आहे?”

“नाही.”

“बुरशी?”

“नाही. अजून तरी नाही.”

“अजून तरी म्हणजे? कुठून आणलंत?”

“व्याह्यांनी पाठवलं.”

कारकुनाने प्रथमच मान वर केली. “व्याह्यांनी पाठवलं, आणि तुम्ही ते तपासायला आणलंत?”

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. ग्रंथपालांचे कान तापले. “तसं नाही. खायचं आहे की शोभेचं, एवढंच. शिवाय ते कापलं जात नाही.”

“तक्रार: कापले जात नाही,” असं मोठ्याने म्हणत कारकुनाने लिहिलं, भोपळा आत ओढला आणि अहवाल घरी येईल असं सांगितलं. नमुना परत मिळत नाही हे त्याने खिडकी बंद करताना सांगितलं.

घरी बायकोने वेगळीच दिशा धरली होती. कापलं जात नाही ना, मग अख्खंच भाजू. मुलाने घेऊन दिलेला ओव्हन आजवर कढया आणि झाकणं ठेवायच्या कामी येत होता. तो रिकामा झाला, भोपळा आत गेला, आणि दोघं समोर खुर्च्या टाकून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून एक बारीक शीळ आली.

“बोलतोय,” ग्रंथपाल म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणणं अपुरं आहे. ओव्हनचं दार उघडलं, भोपळा आपलं मन मोकळं करून गेला, आणि बिया छतापर्यंत पोचल्या. एक बी पंख्याच्या पात्यावर जाऊन बसली आणि पुढे कित्येक दिवस पंखा लावला की टक टक करत राहिली. सेक्रेटरी या वेळी घंटा न वाजवताच आले, कारण दार उघडंच होतं. बायको धूर जावा म्हणून ते उघडायला गेली होती.

“हे शोभेचं आहे म्हणालो होतो,” एवढंच ते म्हणाले, पण जाताना गॅसची नळी दोनदा वाकून बघून गेले.

इथून उरलेल्या भोपळ्यांचा प्रश्न सुरू झाला. ‘घाई नको, विचार करू’ असं ग्रंथपाल म्हणाले, आणि विचार करायचा तर माल टिकायला हवा. बायकोने तीन फ्रिजमध्ये कोंबले. दार लागेना म्हणून त्यांची देठं मोडली. तीन प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गॅलरीत ठेवले. दोन जेवणाच्या टेबलावर, सफरचंदांच्या टोपलीत. उरलेले दोन कुठेच मावेनात, म्हणून ग्रंथपालांनी पुस्तकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, वर्तमानपत्र घालून ठेवले. बांधणीला डाग पडू नये म्हणून पुस्तकांपासून दूर, आणि एकमेकांपासूनही दूर.

काही दिवसांनी फ्रिजमधल्यांना खड्डे पडले आणि मोडल्या देठाच्या जागेतून पाणी सुटलं. पिशवीतल्यांना घाम फुटून पांढरी लव आली. आणि टेबलावरचे दोन्ही, जे रात्री हिरवे होते असं बायको शपथेवर सांगत होती, ते नारिंगी झाले.

“हे आपले नव्हेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “कुणीतरी बदललेत.”

“भोपळे कोण बदलेल?”

“सेक्रेटरी आले होते ना? त्या दिवशी हातात घेऊन कसे फिरवत होते! त्यांच्या साडूकडे आहेत म्हणाले. नारिंगी असतील साडूचे.”

हे अशक्य आहे हे ग्रंथपालांना कळत होतं. तरी संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरी भेटले, तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीकडे नजर गेलीच. सेक्रेटरींनी पिशवी पाठीमागे घेतली. दोघंही ओशाळवाणं हसले.

त्याच आठवड्यात सूनबाईचा फोन आला. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात राहत. “बाबा, तुम्ही पप्पांना पत्र लिहिलंत ना? ते रोज फाटकापाशी पोस्टमनची वाट बघतात. शेजारी सांगत होते.”

“लिहितोय, बाळ. म्हणजे लिहायला घेतलंय. तसं पाहिलं तर…”

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला. “तुझ्या पप्पांना फोनवर ऐकू आलं असतं तर मीच बोलले असते गं.” आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, “वाट बघतायत! निकालाची.”

ग्रंथपालांना वाटलं, नापास तर आपण केव्हाच झालो आहोत. आता फक्त ते लेखी द्यायचं राहिलंय. सूनबाईचा आवाज त्यांना नेहमीपेक्षा थोडा कोरडा वाटला होता. मुलाच्या सासऱ्याचा अपमान केला, असं कुणाच्या मनात बसलं तर ते पुसून काढणं या जन्मी आपल्याला जमणार नाही, हे ते जाणून होते. ते रोज एक मसुदा करत. प्रत्येकात ‘बहुधा’ होतं आणि ‘कदाचित’ होतं. भोपळ्याची चव मात्र एकाही मसुद्यात नव्हती.

मग सल्ला केंद्राचा अहवाल आला: ‘नमुना कापता न आल्यामुळे तपासणी होऊ शकली नाही.’ खाली शिक्का आणि सही. ग्रंथपालांनी तो दोनदा वाचला आणि कित्येक दिवसांत प्रथमच त्यांना थोडं बरं वाटलं.

या दिलाशामुळे असेल, पण त्या दिवशी त्यांनी धाडस केलं. ते खाली जाऊन सेक्रेटरींची सुरी मागून आले. ती सुरी इमारतीत प्रसिद्ध होती. पात्यापासून मुठीपर्यंत अखंड पोलादाची, साडूने भेट दिलेली, आणि सेक्रेटरी ती म्यानात ठेवत.

“कशाला हवी?” त्यांनी विचारलं.

“भाजी,” ग्रंथपाल म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं.

पुस्तकांच्या कपाटातला भोपळा बाहेर आला. तो पहिल्या दिवशी होता तसाच होता, घट्ट, हिरवा, कोरडा. ग्रंथपालांना त्याचाही संशय आला. इतकी चांगली वागणूक कशासाठी? बायकोने ओव्हन तापायला लावला, कारण या वेळी फोडी करून भाजायच्या होत्या. ग्रंथपालांनी सुरी खाचेत रोवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. सुरी मुठीपर्यंत आत गेली, आणि तिथेच राहिली. पुढे जाईना, मागे येईना. त्यांनी मूठ धरून ओढली तर भोपळा बरोबर आला. बायकोने भोपळा धरला, त्यांनी सुरी ओढली, तर बायको बरोबर आली.

तेवढ्यात घंटा वाजली.

“माझी सुरी,” बाहेरून सेक्रेटरींचा आवाज आला. “झाली असेल भाजी, तर न्यावी म्हटलं.”

बायकोने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सुरीसकट भोपळा ओव्हनमध्ये सारून दार लावलं. ओव्हन तापलेला आहे हे तिच्या लक्षात आलं, पण तोवर सेक्रेटरी खुर्चीवर बसले होते.

“सुरी धुतली आहे, वाळतेय,” ती म्हणाली. “चहा घ्या ना.”

सेक्रेटरींनी चहा घेतला. मग पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. मग जिन्यातल्या दिव्याबद्दल. बोलता बोलता त्यांची नजर सिंकवर जाई, तिथे सुरी नव्हती. ग्रंथपालांची नजर ओव्हनवर जाई, आणि ते ती चटकन छताकडे नेत. हळूहळू एक वास सुटला. करपल्याचा नव्हता. गोडसर, खमंग, भाजल्या दाण्यांच्या जवळचा.

“काय शिजतंय?” सेक्रेटरी म्हणाले.

“काही नाही,” दोघं एकदम म्हणाली.

त्याच क्षणी ओव्हनमध्ये काहीतरी खणकन पडलं. सेक्रेटरींनी तो आवाज ओळखला. आई आपल्या मुलाचं रडणं ओळखते तसा. ते उठले आणि त्यांनी ओव्हनचं दार उघडलं. सुरी आपली आपण सुटून ताटात पडली होती. भोपळा फुटला नव्हता, कारण सुरीच्या फटीतून वाफ जात राहिली होती. त्याची कूस मऊ होऊन खाली बसली होती. बायकोने साधा चमचा लावला, तर तो लोण्यात शिरावा तसा शिरला.

“माझी सुरी भाजलीत,” सेक्रेटरी म्हणाले, पण त्यांचं लक्ष भोपळ्याकडे होतं.

आत पिवळंधमक होतं. बायकोने बिया काढल्या, गरावर लोणी, मीठ, मिरपूड घातली, आणि पहिली बशी न विसरता सेक्रेटरींपुढे ठेवली. विश्वकोशातलं ते कडू वाक्य नवरा-बायको दोघांनाही एकाच वेळी आठवलं होतं.

सेक्रेटरींनी चमचा तोंडापर्यंत नेला आणि थांबले. “तुम्ही नाही घेत?”

“आधी पाहुणे.”

“मी काही पाहुणा नाही. मी खालीच राहतो.”

“तरी पण.”

बराच वेळ तिघंही तीन बशांकडे बघत राहिली. शेवटी ग्रंथपालांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी सहसा केली नसती. त्यांनी डोळे मिटले आणि पहिला घास घेतला. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“कसं आहे? अहो, बोला ना!”

“चांगलं आहे,” ग्रंथपाल म्हणाले. मग आपल्याच आवाजाकडे कान देत पुन्हा म्हणाले, “चांगलंच आहे.”

सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सुरी निळसर पडली होती, ती त्यांनी खिशातल्या रुमालात गुंडाळली. “शोभेचेही असतातच हो,” असं ते जाताना म्हणाले, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

संध्याकाळी सूनबाईचा पुन्हा फोन आला. “बाबा, राहू द्या पत्राचं. पप्पांनी ठरवलंय, रविवारी वेल उपटून टाकायचे. घरात चाळीसेक पडलेत, तेही गुरांना घालणार.”

“का?”

“कुणाचंच उत्तर आलं नाही ना. त्यांनी सगळ्या नातेवाइकांकडे पाठवले होते. म्हणतात, वाईटच लागत असणार, लोक भिडेपोटी बोलत नाहीत.”

“पण त्यांना स्वतःला कसा लागला?”

“त्यांनी कुठे खाल्लाय? त्यांना कापताच येत नाही. एकदा सुरीच मोडली. बियांच्या पाकिटावरचं चित्र बघून लावला होता. तुम्ही इतकं वाचलेलं असतं, तुम्हाला नक्की ठाऊक असणार, म्हणाले. म्हणून तर तुम्हाला ‘स्पष्ट कळवा’ लिहिलं. बाकीच्यांना नुसतंच ‘कळवा’.”

ग्रंथपाल फोन हातात धरून उभे राहिले. तो उंचापुरा, मोजकं बोलणारा माणूस फाटकापाशी निकाल लावायला उभा नव्हता. तो उत्तर विचारत होता. आणि आपण त्याच्या एका शब्दाभोवती इतके दिवस पहारा देत बसलो होतो.

त्यांनी बैठक मारली आणि एका दमात पत्र लिहिलं. कापायची घाई करू नये. आधी सुरीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी खोल भोकं पाडावीत, नाहीतर फुटतो. थोडा वेळ गरम ओव्हनमध्ये ठेवावा, मऊ झाला की सहज दोन भाग होतात. बिया काढून, कापलेली बाजू खाली करून पुन्हा भाजावा. टिकवायचा तर देठ मोडू नये, फ्रिजमध्ये आणि बंद पिशवीत ठेवू नये, सफरचंदांजवळ तर मुळीच नाही. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी, हवा खेळेल असा, एकमेकांना न लागता. आणि एखादा कडू लागला तर टाकून द्यावा.

बायकोने मागून वाचलं. “आपल्याकडे फुटला ते लिहिलंत?”

“लिहिलं.”

“ते का? बाकी सगळं लिहा की.”

“त्यांनी स्पष्ट कळवा म्हटलंय.”

तिने आणखी दोनदा वाचलं. एकही ‘बहुधा’ सापडला नाही. तेव्हा तिला नवऱ्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागली, आणि ती त्यांच्याबरोबर पोस्टापर्यंत गेली. डाक न्यायची गाडी पेटीपाशी येऊन उभीच होती. ग्रंथपालांनी पाकीट पेटीच्या तोंडात धरलं, पण सोडलं नाही.

“अहो, टाका. काय झालं आता?”

“शेवटी एक ओळ घातली आहे. तुला दाखवली नाही.”

“कसली ओळ?”

“वेल उपटू नका, रविवारी आम्ही दोघं येतोय, मिळून कापू.”

“आपण? रविवारी? त्यांच्याकडे?” तिचा विश्वास बसेना. कुणाच्या घरी आपणहून जातो म्हणालेला हा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. “अहो, त्यांना चालेल का ते तरी…”

पाकीट आत पडल्याचा आवाज आला.